बाण नसलेला पडदा

आमच्या घरात त्या काळी तीन माणसं कॉम्प्युटरवर बसत आणि तिघांचंही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरबद्दलचं मत वाईट होतं. बाबांचा विंडोज, अवीदादाचा लिनक्स, आणि मी अंधेरीला एका जाहिरातीच्या ऑफिसात उमेदवारी करत होते तिथला मॅक. आईचं म्हणणं, तिन्ही डबडी सारखीच धूळ खातात आणि पुसायला मात्र मीच. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या वादात तिचंच मत सगळ्यात निःपक्षपाती होतं. पण तेव्हा जेवताना ताटावर वाद व्हायचे आणि ते खरोखर तावातावाने व्हायचे. आमटी गार व्हायची, पण माघार कुणी घ्यायचं नाही.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बिल्डिंगमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे गेले, छापखाना बंद पडला, तसे ते चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि घरातच डीटीपीचं काम घेऊ लागले. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, क्लासवाल्यांचे पेपर, सत्यनारायणाची आमंत्रणं. हॉलच्या एका कोपऱ्यात टेबल, त्यावर मॉनिटर, मॉनिटरवर आईने लेस लावून शिवलेलं कव्हर आणि शेजारी गिऱ्हाइकासाठी दोन स्टुलं. घरगुती डीटीपीची ती रीतच होती. गिऱ्हाईक शेजारी बसायचं आणि पडद्याला बोट लावून सांगायचं, "काका, ये नाम थोडा बडा करो ना," किंवा "मामांचं नाव वर घ्या, नाहीतर मामी बोलेल." बाबा हसत हसत मामांना वर घ्यायचे. गुजराती गिऱ्हाईक येणार असलं की आई बोंबलाची कढई गॅसवरून उतरवून ठेवायची आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. ते गेले की पुन्हा चर्र आवाज आणि वास. माझं तारुण्य त्या वासात आणि यूपीएसच्या पींपीं आवाजात गेलं.

विंडोज बाबांना आवडायचा, कारण तो विचारायचा. काही पुसायला गेलं की, खरंच पुसू का? बंद करायला गेलं की, केलेले बदल ठेवू का? बाबा म्हणायचे, "आपल्या माणसासारखं विचारतं तरी. अवीचं ते काळं भूत, एक अक्षर चुकलं तर सगळं गिळून वर ढेकरही देणार नाही." त्यावर दादा म्हणायचा, "ते सारखं विचारतं म्हणूनच तुम्ही वाचत नाही. नुसतं हो, हो, हो करत सुटता." दादाचा लिनक्स स्वयंपाकघराच्या गॅलरीत होता. झाकण कायमचं उघडं, आतल्या तारा बाहेर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पंखा घरघर करत असायचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस्स. त्याचं तत्त्व असं की तू मोठा माणूस आहेस, तुला काय हवं ते तुला ठाऊक आहे, तू सांग आणि मी करतो. काम झालं तरी तो सांगणार नाही. दादालाही कुणी खोदून विचारलेलं आवडायचं नाही, त्यामुळे त्याचं त्याच्याशी जमलं. माझा मॅक म्हणजे श्रीमंत आत्याच्या घरी गेल्यासारखं. सगळं सुंदर, सगळं जागच्या जागी, आणि कप कुठे ठेवायचा हेसुद्धा दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं. फ्लॉपी काढायला बटण नाही, तिचं चित्र पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावर नेऊन टाकायचं म्हणे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता आतलं सगळं पुसलं जाणार. पण नंतर मी त्याच्या प्रेमात पडले आणि घरी येऊन बाबांना टोमणे मारू लागले.

आता वाटतं, ती सिस्टीमची भांडणं नव्हतीच. माणसाला किती सांभाळायचं आणि किती मोकळं सोडायचं, याबद्दल तिघांची तीन मतं होती आणि तिघं आपापलं मत घेऊन एकाच पंगतीला बसत होतो. आणि त्याच दिवसांत बाबांना सांभाळायची वेळ येत होती, ते मात्र कुणी बोलत नव्हतं.

मला पहिल्यांदा शंका आली ती बोलताना. बाबा माझ्याकडे बघून बोलत, पण नजर माझ्या कानावर. आधी वाटलं कानात काही राहिलंय की काय. मग टेबलाशी बसलेले असताना पाहिलं. विंडोजवर काम करायचं म्हणजे तो छोटा पांढरा बाण आधी सापडला पाहिजे, आणि बाबांना बाण सापडत नव्हता. ते माउस झपकन डाव्या बाजूला वर सरकवायचे, म्हणजे बाण कोपऱ्यात जाऊन अडकणार, आणि मग तिथून अंदाजाने हळूहळू खाली. कोपऱ्यातून इतकं खाली म्हणजे छापायचं बटण, इतकं उजवीकडे म्हणजे अक्षर जाड करायचं. जिन्याचे दिवे गेल्यावर आपण कठडा धरून उतरतो तसं. मी पाठीमागे उभी राहून बघत होते. प्रुफं माझ्या हातात द्यायचं त्यांनी हल्ली बंद केलं होतं. पूर्वी प्रत्येक कागद मी वाचल्याशिवाय घराबाहेर जात नसे.

एकदा धीर करून विचारलं. "बाबा, डोळे दाखवायचे का एकदा?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझा चष्मा बदल आधी."

ते असं तोडून कधी बोलत नसत. मी आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मला माहितीय. मागल्या महिन्यापासून ताटातलं मीठ चाचपडतायत. त्यांनी सांगेपर्यंत आपण नाही बोलायचं." गिरगावच्या छापखान्यात एका म्हाताऱ्या कंपोझिटरची नजर गेली तेव्हा त्याला कागदांच्या घड्या घालायला बसवलं होतं. बाबांनी ती गोष्ट आम्हाला लहानपणी सांगितली होती, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. म्हणून आम्ही गप्प होतो. दादाला मात्र हे गप्प बसणं पटत नव्हतं. तो म्हणायचा, "तुम्ही दोघी मिळून त्यांना खड्ड्यात घालणार." मी त्याला म्हटलं, तू तुझ्या गॅलरीत बस.

मग मोरव्याच्या काशिनाथबाबांच्या नातीची पत्रिका आली. काशिनाथबाबा जुने मिठागरवाले. आता मिठागर नव्हतं, पण बाबा छान पत्रिका करतात म्हणून त्यांच्या घरचं प्रत्येक कार्य आमच्याकडेच यायचं. मजकूर ठरला, नावांचे रुसवेफुगवे काढून झाले. आणि मग नवऱ्या मुलाकडून निरोप आला की त्याचे आजोबा वारले, त्यांच्या नावाआधी 'कै.' लावा. लग्न पुढे ढकलणार नव्हते. बाबांनी फोनवर "हो, हो, लावतो" म्हटलं आणि मी ऑफिसला गेलेली असताना एकट्यानेच बसून ते काम उरकलं.

रविवारी सकाळी काशिनाथबाबा, त्यांचा मुलगा रघुनाथ आणि जिचं लग्न ती हेमांगी असे तिघं शेवटचा कागद बघायला आले. त्यांच्याकडची पद्धत अशी की छापायला जाण्याआधी पत्रिका नवरीने मोठ्याने वाचायची आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ऐकायची. बाबांनी कागद हेमांगीच्या हातात दिला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तिने मुलाकडचं वाचलं, त्यांच्या आजोबांचं नाव 'श्री.' लावूनच आलं, आणि मला तिथेच खटकलं. मग ती आपल्या घराच्या ओळीवर आली.

"कै. काशिनाथ..." आणि थांबली.

"फुडं वाच ना गो," म्हातारा म्हणाला.

ती वाचेना. रघुनाथने कागद ओढून घेतला, वाचला, आणि त्याचा चेहरा बघता बघता काळवंडला. "काका, हे काय लिहिलंय तुम्ही? माझा बाप इथे तुमच्यासमोर बसलाय. जिवंत माणसाला तुम्ही मारून टाकलंत?"

"बघू," बाबा म्हणाले. कागद हातात घेऊन त्यांनी तो तिरका धरला, मग जवळ आणला, मग मान कलती करून कडेने बघायला लागले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "माझ्याकडून झालं ते. काल मी बसले होते." हे साफ खोटं होतं आणि मला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही.

"मग आत्ता आमच्यासमोर करा नीट," रघुनाथ म्हणाला.

मी पुढे झाले, पण बाबा आधीच खुर्चीत बसले होते. "मी करतो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी हाताने मला बाजूला सारलं. माउस वर कोपऱ्यात गेला, तिथून खाली यायला लागला. आम्ही सगळे पाठीमागे उभे. बाण एका ओळीवर थांबला, ती ओळ काशिनाथबाबांची नव्हती. बाबांनी तिथलं 'श्री.' पुसलं. "अहो वरची, वरची ओळ!" रघुनाथ ओरडला. बाबांचा हात दचकला आणि भलत्याच ठिकाणी पडला. पत्रिका बंद व्हायला लागली, आणि विंडोजने शहाण्यासारखं विचारलं, केलेले बदल ठेवू का? बाबांनी हो म्हटलं. न वाचता, सवयीने. त्यांना ते वाचताच येत नव्हतं.

गॅलरीतून दादा बाहेर आला होता. तो म्हणाला, "बास. बाबांना दिसत नाही. थांबवा आता हे."

काशिनाथबाबांनी विचारलं, "कवापासून?" बाबांनी माउस बाजूला सारला. म्हातारा उठला. काही झालं तरी नातीच्या तोंडून त्याने आपलं मरण ऐकलं होतं. तो मुलाला म्हणाला, "चल रं. हितं न्हाय आता," आणि तिघं गेले. चहा कुणीच घेतला नाही. पत्रिका पुढे स्टेशनजवळच्या कुणीतरी केली असं कानावर आलं.

बाबा दादाला एवढंच म्हणाले, "घरातलं घरात राहिलं असतं," आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद. मीरा रोडच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, तो परत यायचा नाही, कडेचं तेवढं दिसत राहील. बाबांनी घरी येऊन मॉनिटरवर कव्हर घातलं आणि ते दिवाणावर जाऊन बसले. आमच्या घरात खोटेपणाचे दिवस सुरू झाले. आई शेजारणींना सांगायची, यांनी जरा सुट्टी घेतलीय. मी बाबांना सांगायचे, आजकाल कामच कमी आहे सगळीकडे. त्यांनी शर्टाची बटणं वरखाली लावली तरी कुणी बोलायचं नाही. त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं तरी आम्ही ती "छान झालीय" म्हणून खायचो. ते चिडत, कशावरून चिडले ते सांगत नसत, आणि आम्ही आणखी हळू आवाजात बोलत असू. संध्याकाळी मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी यायचे.

दादा मात्र काहीतरी करत होता. अडचण मोठी विचित्र होती आणि मला ती त्यानेच समजावून सांगितली. विंडोजला मराठी येत होतं, पण त्याला डोळे लागत होते. लिनक्सच्या काळ्या पडद्याला डोळे फारसे लागत नव्हते, तिथे शोधायला बाणच नव्हता. ओळीचा आकडा सांगितला की तीच ओळ हातात, बोटांना कळफलकावरच्या कळा ठाऊक असल्या की झालं. पण त्याला मराठी येत नव्हतं. मॅकवर अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, पण मोठं केलं की पान पडद्याबाहेर. म्हणजे तीन घरं आणि तिन्हीत बाबांना जागा नाही. मग दादाला एक जुनी पद्धत सापडली. मजकूर इंग्रजी अक्षरांत मराठी उच्चारांप्रमाणे टाइप करायचा, कुठलं नाव मोठं, कुठली ओळ मधोमध, तेही शब्दांतच लिहायचं आणि शेवटी एक आज्ञा द्यायची. मग प्रिंटरमधून नागरीत छापलेला कागद येतो, अक्षर शिशाच्या टाइपासारखं रेखीव. तोवर पडद्यावर पत्रिका दिसतच नाही. मी म्हटलं, "आधी न बघता कसं जुळवणार?" दादा म्हणाला, "खिळे कसे जुळवायचे ते? उलटे, आंधळेपणाने. प्रुफ काढल्यावरच कळायचं ना?"

हल्ली माझा फोन दिवसभर विचारत असतो, परवानगी देऊ का, मान्य आहे का, आणि मी बाबांसारखीच हो म्हणत सुटते. दरवेळी दादाचं ते ताटावरचं बोलणं आठवतं आणि दरवेळी मी तरीही न वाचताच बोट लावते.

दादाने आपलं डबडं गॅलरीतून उचलून हॉलमध्ये आणलं. बाबांना काही सांगितलं नाही, विचारलंही नाही. दुपारची वेळ होती, आई आत वालाचं बिरडं करत होती. तो टाइप करायला बसला आणि मोठ्याने म्हणत म्हणत एक खोटी लग्नपत्रिका जुळवू लागला. "आमच्या इथे देवाच्या कृपेने..."

"आमचे येथे श्रीकृपेकरून," दिवाणावरून आवाज आला. "पत्रिका आहे ती. गणपतीची वर्गणी नाही मागायची."

दादाने वळून पाहिलं नाही. "मुलीच्या मामांचं नाव," तो पुढे म्हणू लागला, "आईवडिलांच्या वर..."

"कुठल्या गाढवाने सांगितलं तुला? मामा खाली. आणि मुहूर्ताची ओळ वेगळी तोड, तिला दोन्हीकडे जागा सोड." दोन ओळी झाल्या, चार चुका झाल्या. दादा त्या मुद्दाम करत होता की त्याचं मराठीच तसं होतं, हे मी त्याला अजून विचारते आणि तो अजून सांगत नाही. शेवटी बाबा उठले, भिंतीला हात लावत टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ऊठ."

इंग्रजी टायपिंगची परीक्षा त्यांनी तरुणपणी दिली होती. दादाने कुठला आवाज कशाने लिहायचा ते एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा बाबांनी त्याला गप्प बसवलं. ते मान वर करून, कुठेच न बघता टाइप करत होते. बोटं थांबत, शोधत, मग चालत. आईच्या कढईचा आवाजसुद्धा थांबला होता. ओळी झाल्या, दादाने आज्ञा दिली, आणि प्रिंटरने कागद ओढला.

बाबांनी कागद काढून माझ्यापुढे धरला. "वाच."

मी मोठ्याने वाचू लागले. अक्षरं खरोखरच सुंदर होती. चौथ्या ओळीत 'ज्येष्ठ' नंतर 'कन्या' राहून गेलं होतं. मी थांबले. बाबांच्या पाठीमागून दादा मला मानेने खुणावत होता, नको, सांगू नको, आज नको. आई दारात पदराला हात पुसत उभी होती आणि तिचेही डोळे तेच सांगत होते. इतके दिवस सगळं छान म्हणत आलो होतो, अजून एकदा म्हणायला काय जात होतं? 'कन्या' मी मनाने घालून वाचलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं.

"बाबा," मी म्हटलं, "चूक आहे."

दादाने डोळे मिटून घेतले.

"कितव्या ओळीत?"

"चौथ्या. ज्येष्ठच्या पुढे कन्या राहिलंय."

मला वाटलं, आता हे उठणार, दिवाणावर जाणार आणि परत कधी इकडे यायचे नाहीत. मग त्यांनी कळफलक स्वतःकडे ओढला, चारचा आकडा दाबला, शब्द घातला.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"नीट बघून सांग," बाबा म्हणाले, "आणि पुढच्या वेळी सांगायला एवढा वेळ लावू नकोस."